आठवडे सारखे, वजन सारखं, मग एकाच बाळाचं फुफ्फुस जास्त का बिघडतं?

वाळवा_सिस्टर
27 आठवड्यांना जन्मलेली, 900 ग्रॅमच्या आसपासची दोन बाळं. एक साध्या हवेवर आलं, दुसऱ्याचा सीपॅप (नाकातून सतत दाबाने हवा देणं) 36 आठवडे भरले तरी सुटत नाही. बीपीडीची (अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा फुफ्फुसाचा लांबणारा आजार) तीव्रता नेमकी कशावर ठरते? आणि उसाच्या गावात घरी पाठवताना आईला काय बजावायचं?

कृष्णाकाठ_बालरोग
36 आठवडे आईच्या पाळीपासून मोजायचे, म्हणजे हे बाळ तेव्हा नऊ आठवड्यांचं असतं. त्या दिवशी ते कशावर आहे, त्यावर ग्रेड. नाकातल्या नळीने मिनिटाला 2 लिटरपर्यंत असेल तर पहिली, त्याहून जास्त प्रवाह किंवा सीपॅप असेल तर दुसरी, श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर असेल तर तिसरी.

फरक बऱ्याचदा जन्माआधीच पडलेला असतो. आईला बाळाचं फुफ्फुस पक्व करणाऱ्या डेक्सामेथासोनचे चारही डोस (6 मिग्रॅ, दर 12 तासांनी) मिळाले का? गर्भजलात संसर्ग होता का? पोटातच वाढ खुंटली होती का? मुलग्यांना धोका जास्त, हेही खरं. जन्मानंतर जंतुसंसर्ग आणि उघडी राहिलेली पीडीए (हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी रक्तवाहिनी) यांनी भर पडते.

पण माझ्या मते सगळ्यात भारी पडतात ते व्हेंटिलेटरचे दिवस. कोवळे वायुकोश दाबाने ताणले जातात, सुजतात आणि नवे तयार होणं थांबतं. म्हणून श्वासाला चालना देणारं कॅफिन सायट्रेट लवकर सुरू करा: किलोला 20 मिग्रॅ पहिला डोस, मग रोज 5 ते 10. नळी लवकर निघते.

मिरज_एनआयसीयू
ऑक्सिजन विसरू नका. बाळ ऑक्सिजनवर असताना सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, टक्क्यांत) 91 ते 95 हवं. खालचा अलार्म सगळे लावतात, वरचा 100 वर सोडून देतात. मग 99 दिसतं, सगळे निर्धास्त, आणि फुफ्फुस व डोळे दोन्ही भाजत राहतात. वरचा अलार्म 95 वरच ठेवा. साध्या हवेवर 99 आलं तर काही बिघडत नाही.

बबल सीपॅपच्या बाटलीत बुडबुडे थांबले की आधी गळती शोधा. प्राँग (नाकपुड्यांत बसणारी छोटी नळी) बारीक पडतं, नाहीतर तोंड उघडं राहतं. दाब मिळत नाही, बाळ दमतं आणि पुन्हा नळी घालावी लागते. बाहेर जाणाऱ्या नळीत पाणी साठलं तर उलट दाब वाढतो, ते काढत राहा.

वाळवा_सिस्टर
वरचा अलार्म आजच तपासते. घरचं सांगा ना.

आशाताई_गटप्रवर्तक
पहिलं म्हणजे धुरी बंद. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओवा-शेपाची धुरी नको, आजीलाही समोर बसवून सांगा. चूल आणि पाण्याचा बंब बाळाच्या खोलीपासून लांब. गळीत हंगामात पाचट पेटवलं की दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. घरी ऑक्सिजन असेल तर त्या खोलीत उदबत्तीसुद्धा नाही, आग लागते.

लसी जन्मतारखेप्रमाणेच, दिवस कमी म्हणून पुढे ढकलू नयेत. वजन रोज 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं, कारण नवं फुफ्फुस बाळाच्या वाढीबरोबरच तयार होतं. पिताना घाम येणं, अर्ध्यात दूध सोडणं, बरगड्यांखाली खड्डे पडणं, ओठ निळे होणं, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही.