एस.वाय.च्या पोरांना जेनेटिक इंजिनिअरिंग हाताने करून कसं शिकवायचं?

चोपडा_मॅडम: रिकॉम्बिनंट डीएनए (वेगवेगळ्या जीवांचे तुकडे जोडलेला डीएनए) फळ्यावर शिकवून झालंय, पोरांना पाठ पण आहे, पण मायक्रोपिपेट (थेंबाहून कमी द्रव मोजून उचलायचं साधन) कुणीच धरलेली नाही. छोटं कॉलेज, डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन नाही, लाइटचा भरवसा नाही. निम्म्या पोरांच्या घरी कपाशी नाहीतर केळी. काय करून घेता येईल?

रावेर_केळीवाला: मॅडम केळ्याचा डीएनए काढा, मीठ, भांड्यांचा लिक्विड साबण आणि वरून फ्रीजरमधलं गार स्पिरिट, पांढरे धागे काडीवर गुंडाळता येतात. आमच्याकडे टिश्यू कल्चरचं (लॅबमध्ये रोपाच्या तुकड्यापासून वाढवलेलं) जी-नाईन वाण म्हणजे जीएम, जीन बदललेली केळी असं शिकलेले लोकपण सांगतात, तेही त्याच तासाला मिटवा, त्यात बाहेरचा जीन कुठे घातलाय!

धुळेकर: तुमनं बरोबर शे भाऊ, पण ते दहावीला ठीक. मॅडम, बीटी स्ट्रिप मागवा, बीटी कपाशी ओळखायची कागदी पट्टी. पोरांनी घरच्या वावरातून पानं आणायची, ट्यूबमध्ये बफर टाकून चेचायची, स्ट्रिप उभी करायची, थोड्या वेळात दोन रेघा आल्या तर क्राय१एसी (बोंडअळी मारणारं बीटीचं प्रोटीन) आहे, एकच आली तर नाही, आणि एकही नाही तर स्ट्रिपच बाद. आता पाकिटात रेफ्युजी, म्हणजे बिगर-बीटी बी मिसळलेलं येतं, म्हणून बीटीच्या वावरातही एखादं झाड निगेटिव्ह निघतं, मग बघा पोरं कशी भांडतात. स्ट्रिप प्रोटीन पकडते, जीन नाही, हे व्हायव्हाला विचाराच.

चोपडा_मॅडम: आणि खरं ट्रान्सफॉर्मेशन, बॅक्टेरियात बाहेरचा जीन घालायचं?

धुळेकर: करा की. के-१२ ई. कोलाय (लॅबमधला निरुपद्रवी बॅक्टेरिया), पीग्लो प्लास्मिड (डीएनएचं छोटं कडं, त्यात चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन आणि अँपिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा जीन), गार कॅल्शियम क्लोराइड, बर्फ, ४२ डिग्रीला ५० सेकंद, लगेच परत बर्फ. ४२ डिग्री आपल्याकडे मे महिन्यात फुकट मिळतात 😄 पण बर्फ टिकत नाही, म्हणून हिवाळ्यातच घ्या. लाइट गेली तर थर्मासमधलं पाणी न थर्मामीटर, भागतं. एक मात्र सांगतो, प्लास्मिड न दिलेले सेल अँपिसिलिनवर टाकलेली प्लेट गाळू नका, पैसे वाचवायला बरेच जण नेमकी तीच गाळतात, मग पोरं चमकणाऱ्या कॉलनीचे फोटो काढून घरी, आणि प्लास्मिडमुळेच वाढल्या हे कशावरून, तर सगळे गप्प. बायोसेफ्टी कमिटीला आधी कळवा, वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय फेकू नका.

चोपडा_मॅडम: स्ट्रिप आधी करते, कपाशी उभी आहे तोवर. कॉलनी चमकतात का बघायला नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च चालेल का?

धुळेकर: चालेल, डोळ्याला गॉगल लावा. आणि प्लेटमध्ये अरॅबिनोज टाका, ही साखर चमकणारा जीन चालू करते, नाहीतर कॉलनी येतील पण चमकणार नाहीत.