चेस्टर गेला त्या रात्री तुम्ही कुठे होतात? खानदेशातल्या लिंकिन पार्कवाल्यांसाठी अनुभव धागा

जुलै लागला की माझं लक्ष २० तारखेकडे जातं. २०१७ साली त्या दिवशी लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी हे जग सोडून गेला. वय ४१. त्यानं स्वतःच आयुष्य संपवलं. तिकडे सकाळ होती. आपल्याकडे बातमी पोचली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी ती एकट्यानं, अंथरुणात, मोबाइलच्या उजेडात वाचली असणार.

मी तेव्हा जळगावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. सकाळी मेसच्या मावशींनी विचारलं, "डोळे काबरं सुजले रे?" म्हटलं, आवडता गायक गेला. त्या पोळी लाटायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे देवा. आपल्या इकडचे होते का?" मला उत्तर देता आलं नाही. ॲरिझोनात जन्मलेला, अंगभर गोंदवून घेतलेला माणूस आपल्या इकडचा कसा, हे त्यांना काय सांगणार? पण होता. माझ्यासाठी तो आपल्या इकडचाच होता.

मोठ्या शहरात चार चाहते एकमेकांना शोधून काढतात. आपल्याकडे एकाच गावात दोघं असली तरी एकाला दुसऱ्याचा पत्ता नसायचा. म्हणून हा धागा. कितीही लिहा, कसंही लिहा. एकच विनंती आहे. तो कसा गेला याचे तपशील नकोत, तो तुमच्याकडे कसा आला ते सांगा.

भुसावळहून

पप्पा रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये. घराच्या मागून रात्रभर मालगाड्या जायच्या. डबे जोडताना जो दणका बसतो तो मी झोपेतही ओळखायचो. २००३ मध्ये त्यांचा 'मिटिओरा' अल्बम आला तेव्हा मी नववीत होतो. चुलतभावानं सीडीवर भरून आणला. घरातले म्हणाले, ही काय आरडाओरड आहे. मला ती आरडाओरड वाटलीच नाही. यार्डाजवळ वाढलेल्या पोराला लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज परका नसतो. आणि त्या आवाजाच्या मधोमध एक माणूस अगदी हळू, जवळ बसून बोलल्यासारखा गायचा. तो हळू आवाज मला जास्त धरून ठेवायचा.

पुढे 'गिव्हन अप' हे गाणं आलं. त्यात तो सलग १७ सेकंद किंचाळतो. पप्पांचं ड्युटीचं घड्याळ हातात धरून मी ते मोजलं आहे. श्वास माझाच संपायचा.

बातमी कळली तेव्हा मी नाशिकहून घरी येत होतो. मनमाड सोडलं आणि मित्राचा मेसेज आला. दारात जाऊन उभा राहिलो. पाऊस होता, त्यामुळे तोंड ओलं का आहे हे कुणी विचारलं नाही. भुसावळला उतरलो तर पप्पा न्यायला आले होते. स्कूटरवर मागे बसलो आणि त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं. लहानपणानंतर पहिल्यांदा. त्यांनी काही विचारलं नाही, गाडी मात्र हळू चालवली.

नंदुरबारहून

मला इंग्रजी त्याच्यामुळे आलं. आणखी काही लिहायला जमत नाही आहे. सगळ्यांचं वाचतोय.

धुळ्याहून

हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

देवपूरला आम्ही दोघी मैत्रिणी एकच इअरफोन वाटून घ्यायचो, डावा तिला, उजवा मला. तिला गाणी आवडायची. माझं कारण वेगळं होतं. मी कुठंतरी वाचलं होतं की चेस्टरवर तो सात-आठ वर्षांचा असल्यापासून ओळखीच्याच, वयानं मोठ्या मुलाकडून अत्याचार होत होते, आणि त्यानं पुढे मुलाखतींमधून ते स्वतः सांगितलं. भीतीनं आपण बराच काळ गप्प राहिलो, हेही. त्याचे वडील पोलीस खात्यात, लहान मुलांवरच्या अत्याचारांचाच तपास करणारे, तरी त्या मुलाला घरात बोलता आलं नव्हतं. हे वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ बसून राहिले. माझ्या लहानपणीही एका नातेवाइकामुळे असं काही झालं होतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. जगात हे बोलून दाखवणारा माणूस आहे, तो हजारो लोकांसमोर उभा राहतो आणि त्याला कुणी हाकलून देत नाही, एवढंच मला तेव्हा पुरलं.

त्या रात्री मी माहेरीच होते. कानबाईचा सण तोंडावर आला होता, सकाळी आई त्यातल्या रोटांच्या प्रसादाचे गहू निवडत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय व्हयनं वं?" मी मोबाइलवर फोटो दाखवला. तिनं तो नीट पाहिला आणि साध्या कुतूहलानं विचारलं, "तो तुना कोन लागस?"

आणि मी सांगितलं. त्याचं सांगता सांगता माझं सांगितलं. सगळं.

आईनं सूप खाली ठेवलं. बराच वेळ बोलली नाही. मग मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "आते सांगस?" रागानं नाही म्हणाली. त्या वर्षी तो नातेवाईक रोटाला आला, तेव्हा आईनं त्याला दारातूनच परत पाठवलं. भाऊबंदकीत त्यावरून खूप बोललं गेलं. आई एका शब्दानं कारण सांगत नव्हती आणि हटतही नव्हती.

चेस्टर वाचला नाही याचं दुःख मला आजही होतं. ज्यानं बोलायला शिकवलं त्याला बोलूनही पुरलं नाही, हे कसं मांडायचं ते मला कळत नाही. मी कळलंय असं दाखवणार नाही.

(धागाकर्ता) ताई, तुमचं दोनदा वाचलं. आईंना नमस्कार सांगा. इथे वाचणाऱ्या कुणालाही आत्ता जड जात असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. २०१७ मध्ये हा क्रमांक नव्हता. आता आहे.

शिरपूरहून

माझ्या मनात एक बोच आहे. १९ मे २०१७ ला बँडचा 'वन मोअर लाइट' अल्बम आला. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. गिटार नाही, किंचाळणं नाही, सगळं मऊ. मी नेटवर वाटेल ते लिहिलं. विकले गेले, संपले, असलं. दोन महिन्यांत तो गेला.

अल्बम यायच्या आदल्या दिवशी त्याचा जवळचा मित्र, गायक ख्रिस कॉर्नेल गेला होता. त्याच दिवशी एका टीव्ही कार्यक्रमात या लोकांनी ठरलेलं गाणं बाजूला ठेवून अल्बमचं शीर्षकगीत त्याच्यासाठी म्हटलं. पुढे कॉर्नेलच्या अंत्यविधीतही चेस्टर गायला. आणि २० जुलै हा कॉर्नेलचा वाढदिवस. मी शिव्या लिहीत होतो तेव्हा तो माणूस कुठल्या दुःखात उभा होता, हे मी पाहिलंच नव्हतं.

२१ जुलैच्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही सहा जण जमलो. त्यातल्या दोघांना मी तोवर ओळखतही नव्हतो, स्पीकरचा आवाज ऐकून वर आले. एकानं सांगितलं की चेस्टरला बँडमध्ये घेण्याच्या चाचणीसाठी गाणी आली, तेव्हा त्याचा तेविसावा वाढदिवस होता. पाहुणे घरी सोडून तो स्टुडिओत गेला आणि गाऊन आला. आम्ही त्यावर हसलो आणि मग कुणालाच बोलता येईना. शेवटी 'वन मोअर लाइट' लावलं. मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं. सगळी लिहिलेली वाक्यं दुसऱ्या दिवशी पुसली. त्याला त्यानं काय फरक पडणार होता? पण ती तिथं राहू द्यायची नव्हती.

अमळनेरहून

आमचे आजोबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. मी ओट्यावर बसून रडत होतो आणि मला वाटलं, आता बोलणी बसणार. आजोबा शेजारी बसले. म्हणाले, "साने गुरुजी गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. जूनची ११ तारीख, १९५०. मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. ते आमच्या प्रताप हायस्कूलमधून माझ्या जन्माआधीच गेलेले. तरी दोन दिवस जेवलो नाही." गुरुजींनीही स्वतःच जगाचा निरोप घेतला होता. घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नसे. मी विचारलं, तुम्हाला राग आला होता का त्यांचा? आजोबा म्हणाले, "राग नाही. आपल्या सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्याचं कुणी ऐकलं का, असं वाटत राहिलं."

मग म्हणाले, लाव तुझ्या माणसाचं गाणं. मी 'नम्ब' लावलं. पूर्ण ऐकलं त्यांनी, डोळे मिटून. आज आजोबा नाहीत. ते गाणं लागलं की मला दोघंही आठवतात.

रावेर तालुक्यातून

केळीला पाणी द्यायला रात्रीची लाइन असायची. मोटर चालू करायची आणि बांधावर कानात गाणी घालून बसायचं, झोप लागू नये म्हणून. २०१५ मध्ये काकांनी आपला जीव दिला. कर्ज होतं, आणखीही काही असेल. घरात बोलणं बंद झालं. मी मोठा पुतण्या, मलाच सगळं करायचं होतं, रडायला वेळ नव्हता. दोन वर्षं आलंच नाही.

चेस्टरची बातमी बांधावर वाचली. मृगबागेची लागवड नुकतीच झाली होती. रडलो ते कुणासाठी, सांगता येणार नाही. पहाटे लाइट गेली, मोटर बंद पडली, तरी मी तिथंच. घरी जाऊन काकूंना चहा करायला सांगितला आणि काकांच्या गोष्टी काढल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं नाव घरात घेतलं गेलं.

जळगावहून

मी बँडचा चाहता नाही भाऊ, माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे. पुतणीनं हा धागा दाखवला. मी मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो. कॉलेजची पोरं येऊन लिंकिन पार्क मागायची. मला उच्चार कळत नव्हता, मी फोल्डरला "लिंकन" नाव दिलं होतं. त्यांचे गायक गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोरं येत होती. ज्यांच्याकडे गाणी आधीच होती तीसुद्धा. एक जण म्हणाला, काही भरायचं नाही, नुसतं बसू का? बसला. मी त्याला पाणी दिलं. मग दुसरा आला, तोही बसला. दोघांची ओळख नव्हती. दुपारपर्यंत बाकावर चौघं होते.

गाणी भरायचं काम आता बंद झालं, सगळ्यांकडे नेट आहे. कॉम्प्युटर दोनदा बदलला. फोल्डर मी दर वेळी नव्यात टाकून घेतला आहे. बाकही तिथंच आहे.