अलीकडची कोणती कादंबरी तुमच्यात मुरली? नाशिककर वाचकांचे अनुभव

गंगाकाठची
परीक्षणं नकोत, ती वाचायला मिळतातच. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेली एखादी मराठी कादंबरी वाचून तुमचं स्वतःचं काय झालं ते लिहा, कितीही मोठं चालेल.

माझ्यापासून सुरू करते. मनोज बोरगावकरांची 'नदिष्ट', २०१९ ची. नांदेडची गोदावरी, तिच्यात रोज पोहायला जाणारा एक माणूस आणि त्याला काठावर भेटणारी माणसं, तृतीयपंथी, भीक मागून जगणारी, आपण घाटावरून जाताना ज्यांच्याकडे नजर टाकून पुढे निघतो तीच सगळी. तो त्यांच्याजवळ बसतो, त्यांचं ऐकतो, आणि कुठेही कीव करत नाही हे मला फार मोठं वाटतं. मी पंचवटीत वाढले, आम्ही नदीला गंगाच म्हणतो, गंगेवर जायचं म्हणजे रामकुंड, बुधवारचा बाजार, पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला पळायचं. ती त्र्यंबकला उगम पावते हे आपल्या इतकं अंगात असतं की पुढे ती कुणाकुणाची होते हे डोक्यात येत नाही. पाऊस कमी झाला की जायकवाडीला पाणी सोडण्यावरून आपल्याकडे आणि मराठवाड्यात जे पेटतं त्या बातम्या मी लहानपणापासून ऐकतेय, पण हे पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदा त्या बातमीच्या पलीकडच्या टोकाला मला माणसं दिसली, पाण्यात उतरलेली. आता घाटावर गेले की तिथे बसणाऱ्या बायकांशी बोलते. एकीने परवा मला तिच्या नातीचं नाव सांगितलं.

निफाडचा
'बारोमास', सदानंद देशमुख. २००२ ची आहे, साहित्य अकादमी पुरस्कारही मिळालाय. ती विदर्भातली, कोरडवाहू, आमचं कांदा-द्राक्ष, म्हणजे तसं बघितलं तर काहीच जुळत नाही पण एकनाथ वाचला आणि मला आमचा चुलतभाऊच दिसला, बीएड झालेला, नोकरीला लावायचं तर संस्थेत भरायला पैसे पाहिजेत, ते नाहीत, म्हणून शेती, आणि शेतीत पण मन नाही. बायको शहराकडं बघणारी, आईबाप जमिनीला धरून, आणि हा मधी. लोकांना वाटतं शेतकऱ्याची कादंबरी म्हणजे आत्महत्या आणि सावकार, ह्याच्यात त्याच्यापेक्षा जास्त आहे ते घरातलं बोलणं, जेवायला बसल्यावर एका वाक्यावरून भांडण कसं पेटतं ते. लासलगावला भाव पडलेल्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन परत आल्यावर आमच्या घरात जी शांतता असते ना, कुणी टीव्हीपण लावत नाही, ती त्या पुस्तकात आहे. वडिलांना थोडी वाचून दाखवली. वऱ्हाडी शब्द त्यांना अडले नाहीत, उलट ते म्हणले पुढं वाच.

पेठरोड
कविता महाजन यांची 'ब्र', २००५. मी पेठ-सुरगाण्याकडे ग्रामपंचायतीतल्या बायकांच्या प्रशिक्षणाचं काम करायचे, तेव्हा आरक्षण ३३ टक्के होतं, ५० टक्के २०११ ला झालं. सरपंच ताई आणि कारभार नवऱ्याचा, सही घ्यायला वही घरी यायची, हे मी रोज बघत होते पण रिपोर्टात ते 'महिलांचा सहभाग' असं एका रकान्यात जायचं. कादंबरीतली प्रफुल्ला संस्थेच्या कामासाठी अशाच बायकांना भेटत फिरते, आणि त्या बायका बिचाऱ्या नाहीत, हुशार आहेत, चिडतात, हसतात, डाव ओळखतात. आणि संस्थांच्या आत काय चालतं तेही बाईंनी सोडलं नाही. मला ते वाचून बळ आलं, खरंच. पुढच्या प्रशिक्षणात मी तक्ते बाजूला ठेवले आणि बायकांना एवढंच विचारलं, ग्रामसभेत तुम्ही कुठे बसता? दोन तास बोलल्या त्या.

सातपूरवाला
नंदा खरे, 'उद्या'. माणसांवर पाळत, कंपन्यांच्या हातात सगळं, मुलींची संख्या घटलेली. आमच्या कंपनीच्या गेटवर चेहरा दाखवून हजेरी लागते, तिथं उभा असताना हे पुस्तक हमखास आठवतं. अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला तर त्यांनी तो घेतला नाही, ह्या माणसाबद्दल मला प्रचंड आदर आहे.

घोटीकर
धरणावरची कादंबरी म्हटलं की सगळे 'झाडाझडती' सांगतात, आणि बरोबरच आहे, पण मी कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'बद्दल लिहितो. आईचं माहेर वैतरणेच्या धरणात गेलं, ते पाणी मुंबईला जातं. मामा लोक उठून दुसरीकडे आले, जनावरं काही विकली काही सुटली. 'रिंगाण'मध्ये गाव उठल्यावर मागे राहिलेल्या म्हशी रानात जंगली होतात आणि देवाप्पा एकीला आणायला परत वर जातो, बस, गोष्ट एवढीच. सरकार, मोबदला, मोर्चा ह्याचं भाषण नाही. पण ती म्हैस आता त्याला ओळखणार का ह्या एका काळजीत सगळं विस्थापन येतं. २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मी मामाला फोन केला, त्याला पुरस्काराचं काही नव्हतं, त्याने विचारलं मग म्हैस मिळाली का. मी सांगितलं नाही, पुस्तक नेऊन दिलं.

कॉलेजरोड
'शाळा', मिलिंद बोकील. बाकी काही लिहीत नाही, आणीबाणीच्या काळात नववीत असलेल्यांनी तरी वाचाच.

मूळची यावलची
भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू'चं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. २०१० ला आली तेव्हा माझं लग्न होऊन मी नाशकात नवीन होते, भाषेला इथे कुणी हसायचं नाही पण मीच जपून बोलायचे. नेमाडे आमच्याच तालुक्यातले. मोरगावातली ती माणसं, खळं, भाऊबंदकी, वडील गेल्यावर सगळं खंडेरावच्या अंगावर येणं, हे वाचताना मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायला लागले, आमच्याकडच्या बोलीत. सहाशे पानं आहेत, मधे मोहेंजोदडो येतं, पाल्हाळ आहे असं लोक म्हणतात. मला तो पाल्हाळ हवा आहे, आमच्याकडे माणसं अशीच बोलतात, एकाचं सांगता सांगता सात पिढ्यांचं. ज्यांनी शंभर पानांवर सोडली त्यांना माझं सांगणं आहे की सलग वाचायचा हट्ट सोडा, कुठूनही उघडा, बायकांचे प्रसंग आधी शोधा. त्यावर भांडायचं असेल तर मी तयार आहे.