सामान ओढायची स्लेड घरी बनवायची आहे: दोरी लावू की दांड्या?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची वाईची, आता मिनियापोलिसला. फेब्रुवारीत मी, नवरा आणि अकरा वर्षांची लेक, असे तिघं ईलीजवळून बाउंडरी वॉटर्समध्ये (मिनेसोटाच्या उत्तरेचं तळ्यांचं राखीव जंगल) जाऊन दोन रात्री तंबूत काढणार आहोत. उन्हाळ्यात कनू घेऊन चारदा झालंय, बर्फात पहिल्यांदाच. तिथे स्नोमोबाइल चालत नाही, जे न्यायचं ते आपणच ओढायचं. तंबू, पत्र्याची लहान शेगडी, तिघांच्या जाड स्लीपिंग बॅगा आणि शिधा मिळून 40-45 किलो भरतंय.

मागच्या आठवड्यात जवळच्या पार्कात तालीम केली. लेकीची घसरायची स्लेड घेतली, पुढे नायलॉनची दोरी बांधली आणि ती माझ्या कमरेला. सपाटीवर छान चाललं. पहिल्याच उताराला स्लेड मागून येऊन घोट्यावर आदळली, मी पडले. तिरक्या वाटेवर तर दोनदा उलटली. घरी येऊन बघते तर एक स्लीपिंग बॅग पायाकडून ओली. पार्कात गाडी दहा मिनिटांवर होती. तळ्यावर उणे 25 मध्ये असं झालं तर लेकीला पांघरायला काय देऊ, हेच डोक्यात घोळतंय.

तयार पल्क (सामान ओढायच्या दांड्यांच्या स्लेड) परवडत नाहीत. घरी ड्रिल आहे, नवऱ्याचा हात अशा कामाला बसलेला आहे. कशी बनवू?

धुरकरी

ताई, आधी ती दोरी काढा आणि दांड्या लावा. दोरी फक्त ओढते, अडवत नाही. बैलगाडीला दांडी का असते? उतारावर गाडी बैलाच्या पायावर येऊ नये म्हणून. आमचं गाव बार्शीकडचं, लहानपणी गाडी भरायला मी वडिलांच्या हाताखाली असायचो. डुलुथला आल्यावर तीन स्लेड बनवल्या, तेव्हा तेच शिकलेलं कामी आलं.

लेकीची स्लेड खेळायलाच ठेवा. बर्फात मासे धरणारे लोक वापरतात ती जाड प्लास्टिकची, 5 फुटी, उंच काठाची स्लेड आणा. लांब आणि अरुंद हवी, म्हणजे तुमच्या पावलांनी दाबलेल्या वाटेतच बसते. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, सहा-सहा फूट. पाइपच्या आतून 6 मिलिमीटरचा दोर ओवा आणि दोन्ही टोकांना कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) अडकवता येईल असा फास ठेवून ताणून गाठ मारा. हा दोर टाळू नका. थंडीत पीव्हीसी काचेसारखा तडकतो. माझा एक पाइप असाच मधोमध फुटला, पण आत दोर होता म्हणून संध्याकाळपर्यंत स्लेड ओढत मुक्कामाला पोचलो.

दांड्या फुलीसारख्या एकमेकींवरून न्या: स्लेडच्या डाव्या कोपऱ्यातली दांडी तुमच्या उजव्या कमरेला, उजवीकडची डावीला. वळताना स्लेड मागोमाग येते. पट्टा जुन्या सॅकचा, रुंद, कंबरेच्या हाडावर बसणारा. भोकं काठापासून दीड-दोन इंच आत पाडा आणि आतबाहेर मोठे वॉशर घाला, नाहीतर प्लास्टिक फाटतं. तळाला काही जोडायचं असेल तर बोल्टनेच. मी पहिल्या स्लेडला पट्ट्या गोंदाने चिकटवल्या होत्या, पहिल्या मैलातच गळून पडल्या. या प्लास्टिकला गोंद धरतच नाही.

आता भरणं, कारण तुमची स्लेड भरण्यामुळेच उलटली असणार. जड ते सगळं तळाला: शेगडी, भांडी, शिधा, मधल्या भागात, किंचित मागे. धुरजड, म्हणजे पुढे जड, झाली तर नाक बर्फात रुतून तुमची कंबर मोडते, उलाळ, म्हणजे मागे जड, झाली तर दांड्या वर उचलल्या जातात. भार काठाच्या वर जाईल तेवढी उलटायची भीती. स्लीपिंग बॅगा कोरड्या पिशवीत तोंड बांधून वर ठेवा, त्यावर ताडपत्री, आणि काठाच्या भोकांतून लवचीक दोरीने बुटाच्या नाडीसारखी विणून आवळा. उलटली तरी आतला चमचा हलता कामा नये.

दोन तळ्यांमधल्या पोर्टेजवर (जमिनीवरच्या जोडवाटेवर) तीव्र उतार असेल तर जाड दोराचा एक फास स्लेडच्या नाकाखाली सरकवा. त्याचाच ब्रेक होतो.

चादरवारी

धुरकरींना अनुमोदन. मी पुण्याचा, 2014 च्या जानेवारीत लडाखमध्ये झंस्कारच्या चादरवर, म्हणजे गोठलेल्या नदीवर, गेलो होतो. तिथले पोर्टर लाकडी स्लेज ओढतात. जिथे नदीवरचा बर्फ तुटलेला, तिथे तेच लोक सामानासकट स्लेज पाठीवर घेऊन काठाच्या खडकांवरून जात. म्हणून ताई, एकच मोठी आणि खच्चून भरलेली नको. दोन करा, प्रत्येकी 20-22 किलो. अडचणीच्या जागी उचलता यायला हवी.

आणखी एक. त्यांच्या स्लेजचे सांधे मी निरखून पाहिले होते, बरेचसे दोराने बांधलेले. नॉर्वेचा संशोधक नान्सेन याने 1888 मध्ये ग्रीनलंड पार केलं तेव्हा त्याच्या अॅश लाकडाच्या स्लेजचे सांधे असेच बांधलेले होते. बांधलेला सांधा हिसका सोसतो.

उत्तरवारा

मी फिनलंडमध्ये ओउलूला. इथे याला आह्कियो म्हणतात, लहान मुलांची ती पुल्का. स्लेड गॅरेजमध्ये ठेवू नका. आदल्या रात्रीपासूनच बाहेर असू द्या. उबदार तळाखाली बर्फ वितळतो आणि लगेच गोठून चिकटतो, मग ती सरकत नाही. उणे 25 च्या खाली कोरडा बर्फ वाळूसारखा लागतो, तेव्हा रोजचं अंतर निम्मं धरा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार! दोन स्लेड करायचं ठरलं, पाइप आज आणले. लेक म्हणते मलाही ओढायचंय. देऊ का? आणि स्लशबद्दल ऐकलंय, त्याचं काय?

धुरकरी

द्या की! तिची घसरायची स्लेड, त्यात फक्त मॅट्स आणि खाऊ. उतारावर दोरी तिने सोडून हातात स्लेड उचलायची, एवढा नियम.

स्लशचं खरंच सांभाळा. बर्फाच्या ओझ्याने तळ्याचा थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि वरच्या भुसभुशीत बर्फाखाली उणे 20 मध्येही न गोठता राहतं. पाऊल राखाडी, ओलं उमटलं की थांबू नका, बाजूला निघा. स्लेड ओली झाली की तळाला बोटभर बर्फ धरतो आणि 20 किलोची स्लेड 40 ची वाटते. कडेवर उभी करून लाकडी उलथन्याने लगेच खरवडा. धातूचं नको, तळाला ओरखडे पडतात.

तळं ओलांडताना, विशेषतः ओढा येऊन मिळतो त्या तोंडाशी, कमरपट्ट्याचं बक्कल उघडं ठेवा आणि पट्टा हाताने धरून चाला. तिथे बर्फ पातळ असतो. खाली गेलात तर स्लेड अंगाला अडकलेली नको. नवऱ्यालाही सांगा.