बडोद्यात एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंग: पहिल्यांदा जाताना काय बघावं?

दांडियाबाजार_सून
नमस्कार मंडळी. थोरले दीर (वय 46) रोज पितात. आता स्वतःहून "सोडतो, एएला जातो" म्हणालेत, तेव्हा वेळ घालवायचा नाही. मीटिंगचा खात्रीचा पत्ता कसा मिळवायचा? मराठीत असते का? मी आणि जाऊबाई सोबत बसू शकतो का? आणि आपल्याकडे दारूबंदी. चारचौघांत "मी पितो" म्हटलं तर पोलिसांचं लचांड मागे नाही ना लागणार?

रावपुरा_नाका
पत्ता एए इंडियाच्या संकेतस्थळावर शोधा, पण नुसत्या यादीवर विसंबून निघू नका. मीटिंग बहुधा शाळा, चर्च किंवा दवाखान्याच्या मागून घेतलेल्या खोलीत असते. परीक्षा किंवा सण आला की वार, वेळ, कधी जागाही बदलते. म्हणून त्याच दिवशी फोन करा. उचलणारा सभासदच असतो, नोकरीधंद्यातला. दुपारी नाही उचलला तर संध्याकाळी लावा. विचारायचं एवढंच: आज नक्की आहे ना, ओपन की क्लोज्ड, भाषा कोणती, आणि नवा माणूस येतोय तर फाटकाशी कोणी उभं राहील का. शेवटचं विसरू नका. बाहेर मोठी पाटी नसते, आणि नवखा माणूस फाटकापासूनच परत फिरतो.

क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी. ओपनला घरचे बसू शकतात.

भाषा गुजराती-हिंदी धरून चाला. दीर मराठीत बोलले तरी बडोद्यात समजायला अडचण कसली! निव्वळ मराठी हवी तर पुण्या-मुंबईकडच्या ऑनलाइन मीटिंगा आहेत, पण सुरुवात प्रत्यक्ष खोलीतच करावी. कॅमेरा बंद करून कोपऱ्यात बसणं फार सोपं असतं.

पोलिसांचं म्हणाल तर तिथे ओळखपत्र मागत नाहीत, फक्त पहिलं नाव. नाव बाहेर न नेणं ही एएची परंपरा आहे, कायद्याचं कवच नव्हे. त्यामुळे माल कोणाकडून घेतला हे सांगत बसू नये, कोणी विचारतही नाही. परमिटशिवाय पिणं हा 1949 च्या कायद्याखाली गुन्हा आहेच. खरा धोका रस्त्यावर आहे: घोट घेऊन स्कूटरवर निघाले तर. रिक्षाने न्या.

कारेलीबाग_वॉर्ड
मीटिंगच्या आधी एक गोष्ट. रोज पिणाऱ्याने एकदम बंद करायची नसते. शेवटच्या पेगनंतर 6-8 तासांत हात थरथरतात, घाम, मळमळ. फिट येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत. भास, बडबड, जागा-वेळ न कळणं हे सहसा 48 ते 96 तासांच्या दरम्यान, आणि ते जिवावर बेतू शकतं. मंगळवारी धाड पडून माल बंद झाला की गुरुवारी-शुक्रवारी असा पेशंट आणतात, आणि घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली.

म्हणून आधी सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा. पूर्वी फिट आली होती का, रोज किती आणि काय (इंग्लिश की पोटली, म्हणजे पिशवीतली देशी), ते खरं सांगा. साधारण आठवडाभर उतरत्या डोसाच्या गोळ्या आणि बी-1 जीवनसत्त्व (थायमिन) देतात. घराजवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावायला निघाले तर "आधी थायमिन दिलं का?" हे विचाराच. पोटली पिऊन डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागलं तर तो लठ्ठा (विषारी दारू) समजा आणि तडक इमर्जन्सी गाठा.

फोनवर सल्ला हवा असेल तर 14446 (नशामुक्ती) आणि 14416 (टेली-मानस), दोन्ही मोफत.

दांडियाबाजार_सून
फार उपयोगी, आभार. जाऊबाईंना कोणीतरी चहात टाकायची पावडर दिली आहे. निदान मीटिंग सुरू होईपर्यंत…?

कारेलीबाग_वॉर्ड
अजिबात नको. अशा पुड्यांत बऱ्याचदा डायसल्फिरॅम असतं. त्यावर दारू गेली की चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर माणूस जातो. हे औषध पेशंटच्या संमतीनेच, शेवटच्या घोटानंतर निदान 12 तासांनी सुरू करतात, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. शिवाय चोरून दिल्याचं कळलं की तो घरचा चहासुद्धा पीत नाही.

रावपुरा_नाका
मीटिंग तासा-दीड तासाची. बोलायची सक्ती नाही, "आज फक्त ऐकतो" चालतं. एक बोलत असताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नव्या माणसाने काही टाकायची गरज नाही. फी मुळीच नसते. कोणी "रजिस्ट्रेशन" मागितलं तर ती एएची मीटिंग नव्हे. एकच ग्रुप पाहून "आपल्याला जमत नाही" म्हणू नये, दुसरा पाहावा. पहिल्या 90 दिवसांत 90 मीटिंगा असं जुने लोक सांगतात. इथे रोज मिळेलच असं नाही, तेव्हा मधल्या दिवशी ऑनलाइन. स्पॉन्सर (नव्याला सोबत करणारा जुना सभासद) निदान वर्षभर न पिता राहिलेला बघावा. त्याने "गोळ्या बंद कर" म्हटलं तर ऐकू नये, ते काम डॉक्टरचं.

शनिवारची मीटिंग मात्र चुकवू नका. दमणच्या गाड्या त्याच संध्याकाळी निघतात, तिथे दारूबंदी नाही.

मांडवी_मावशी
ताई, तुम्ही दोघी अल-अनॉनची चौकशी करा, ती घरच्यांची वेगळी मीटिंग. बडोद्यात त्या वेळी चालू नसेल तर तीही ऑनलाइन असते. मुलं तेरा-चौदाची असतील तर अलाटीन. दिरांनी एएला जायचं टाळलं तरी तुम्ही जायला हरकत नाही. बाटल्या शोधणं, ऑफिसात "ताप आलाय" असा फोन करणं, उधारी फेडणं, यातलं काय थांबवायचं हे तिथे नीट समजतं. आणि मीटिंगहून आल्याबरोबर "काय झालं, काय बोललात?" करू नका. जेवायला वाढा.