टीन टायटन्स: नुसती चेल्यांची टोळी नव्हे

टीन टायटन्स हा डीसी कॉमिक्समधला तरुण सुपरहिरोंचा गट. 'टीन टायटन्स म्हणजे मोठ्या हिरोंच्या चेल्यांची टोळी' हे मत १९६४ साली रॉबिन, किड फ्लॅश आणि अ‍ॅक्वालॅड एकत्र आले तेव्हापुरतं बरोबर आहे. पण १९८० मध्ये लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी रेव्हन, स्टारफायर, सायबॉर्ग ही नवी पात्रं आणली आणि मालिका पार बदलली. सायबॉर्गचंच घ्या. वडिलांच्या प्रयोगशाळेतल्या अपघातात आई गेली आणि त्याच वडिलांनी त्याला यंत्राचं शरीर देऊन वाचवलं. जीव वाचवणाऱ्या बापावरच राग! किती अवघड नातं आहे हे. १९८४ मधल्या कथेत टेरा या गटातल्याच मुलीने केलेला विश्वासघातही जिव्हारी लागतो, कारण तोवर ती घरचीच झालेली असते. डिक ग्रेसन, म्हणजे पहिला रॉबिन, नाइटविंग हे नवं नाव घेऊन स्वतंत्र हिरो झाला तोही त्याच कथेत. नव्या वाचकांनी १९८० च्या अंकांपासूनच सुरुवात करावी.