हायड्रॅझिनचा वास आला नाही म्हणजे धोका नाही का?

नवा_फायरमन: बॉयलरच्या डोसिंगवर, म्हणजे पाण्यात रसायन सोडायच्या कामावर, नुकताच लागलोय. ड्रममधून हायड्रॅझिन काढताना सीनियर म्हणतात, "अमोनियासारखा वास आला तर बाजूला हो, नाहीतर चालू दे." बरोबर आहे का हे? आणि एवढं विषारी असेल तर पाण्यात घालतातच कशाला?

वाफ_आणि_वैताग: मास्क लावा, काही होत नाही. वर्षानुवर्षं हाताळतोय.

पाणी_तपासनीस: मी प्लांटच्या लॅबमध्ये फीडवॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, तपासतो. सीनियरचा मान ठेवा, पण हे ऐकू नका. हा वास नाकाला कळतो साधारण ३-४ पीपीएमला (दहा लाखांत ३-४ भाग). एसीजीआयएच या कामगार-आरोग्याच्या अमेरिकी संस्थेने आठ तासांच्या पाळीसाठी सुचवलेली मर्यादा आहे ०.०१ पीपीएम. वास येईपर्यंत तुम्ही तीनशे पट पुढे गेलेले असता. शिवाय ते कातडीतूनही शरीरात जातं, तिथे नुसता मास्क काय करणार? यकृताला आणि मेंदूला बाधतं, जास्त गेलं तर झटके येतात. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २-अ गटात टाकलंय, म्हणजे बहुधा कर्करोगकारक.

घालतात कारण ते पाण्यातला, बॉयलर गंजवणारा ऑक्सिजन खातं आणि मागे नायट्रोजन नि पाणीच उरतं. याच कामाचं दुसरं रसायन म्हणजे सल्फाइट, पण त्याने क्षार वाढतात, जास्त दाबाच्या बॉयलरला ते परवडत नाही. हिशोब सोपा: १ पीपीएम ऑक्सिजनला १ पीपीएम हायड्रॅझिन, वर किंचित. हे 'किंचित' सैल हाताने पडलं की उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि कंडेन्सरच्या पितळी नळ्या खायला लागतो. ऑक्सिजनचं रीडिंग बिघडलं की "डोस वाढवा" म्हणायला सगळे पुढे, डीएरेटरचा (पाणी तापवून त्यातला ऑक्सिजन काढणाऱ्या टाकीचा) व्हेंट उघडा आहे का ते बघायला कुणी जात नाही!

नवा_फायरमन: सांडलं तर आम्ही चिंध्यांनी पुसतो...

पाणी_तपासनीस: आजपासून बंद. चिंध्या, भुसा, गंजलेला पत्रा यांच्याशी गाठ नको. पाणी उडून द्रावण तीव्र झालं की भिजलेली चिंधी आपोआप पेटू शकते. ग्लोव्हज, गॉगल, एप्रन घालून भरपूर पाण्याने पातळ करा, पण ते पाणी गटारात सोडू नका, माशांनाही विष आहे. आणि ड्रम उघडून मगाने काढत असाल तर आधी बंद पंप मागा.

वाफ_आणि_वैताग: मग हायड्रॅझिनऐवजी कार्बोहायड्रॅझाइड घ्या की, प्रश्नच मिटला.

पाणी_तपासनीस: हाताळायला खूपच बरं, मान्य. पण बॉयलरच्या उष्णतेत त्यातूनही हायड्रॅझिन सुटतं. खाद्यपदार्थाला लागणाऱ्या वाफेसाठी तेही नको.